मुळात जे नव्हतं

इंग्लंडमधल्या एका खेड्यात वत्सलाबाई गुर्जरांनी चारशे वर्षांचं जुनं घर घेतलं. काळ्या लाकडी तुळया, वाकड्या भिंती, सगळं झकास. फक्त संडास नव्हता! आणि घर पडलं कायद्याने संरक्षित. वारसा खात्याच्या पेंबर्टनसाहेबांनी बाईंचा अर्ज सहाव्यांदा फेटाळला. "मुळात जे नव्हतं, ते इथे होणार नाही!"

पुढे साहेब घराच्या पाहणीला आले. बाईंनी आग्रह करकरून त्यांना चार कप चहा पाजला. तासाभरात साहेबांची चुळबुळ सुरू झाली.

"बाई, जरा जाऊन यायचं होतं. कुठे जाऊ?"

"चारशे वर्षांपूर्वी सगळे जायचे तिथेच, साहेब. त्या झुडपामागे. काटे सांभाळा, तेही संरक्षित आहेत."

सातव्या अर्जावर साहेबांनी उभ्या उभ्याच सही केली.