परातीखालचे ओले गवत

एकदा एका माळावरच्या मोठ्या घराला गवत कापायचे यंत्र हवे होते. घराभोवती सात एकर जागा. त्यात आंबा होता, चिकू होता, नारळाची एक लांब रांग होती आणि उरलेल्या साऱ्या जागेत गवत. पावसाळ्यात ते गुडघ्यापर्यंत येई आणि त्यात घोणस निघे. म्हणून ते वेळच्या वेळी कापावे लागे. इतकी वर्षे हातांनी ढकलायच्या यंत्रावर भागले होते. आता वर बसून चालवायचे यंत्र घ्यावे, असे घरच्या मालकीणबाईंनी ठरवले.

त्या बागेत एक वृद्ध बागवान होता. चाळीस वर्षे त्याने तीच जमीन राखली होती. शाळा त्याने फारशी पाहिली नव्हती, पण झाड आजारी पडायच्या आधी त्याला कळत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. चाळिशीतला, कष्टाळू, डोक्याने तल्लख. फक्त त्याचा कोणावरही विश्वास बसत नसे. त्यालाही कारण होते. पूर्वी त्याने स्वतःच्या तुकड्यात केसर आंबा म्हणून वीस कलमे लावली होती. पाच वर्षे खांद्यावरून पाणी वाहून ती वाढवली, आणि फळ धरले तेव्हा ती आंबट रायवळ निघाली. तेव्हापासून तो दुधातही आधी बोट बुडवून बघे.

मालकीणबाई दोघांना म्हणाल्या, "यंत्र तुम्हीच निवडा. दहा-बारा वर्षं चाललं पाहिजे. आणि बाबा, तुमचे गुडघे आता ऐकत नाहीत. दसऱ्यापासून बाग याच्याकडे सोपवायची की नाही, तेही तुम्हीच सांगा."

दोघे तालुक्याच्या गावी गेले. यंत्रांच्या दुकानात दोन नग उभे होते. एक निळे, चकचकीत, मऊ गादीचे. दुसरे राखाडी, जाडजूड, बसायची जागा लाकडाच्या पाटासारखी.

व्यापारी पुढे आला. "हे राखाडी घ्या. दिसायला म्हैस आहे, पण तुमच्या सात एकराला हेच पुरेल."

शिष्याने लगेच कान टवकारले. व्यापारी ज्याची स्तुती करतो, ते त्याला खपवायचे असते. हा माणूस आपणहून वस्तूला म्हैस म्हणतो, म्हणजे डाव आणखी खोल आहे. त्याचे मन निळ्याकडे वळले.

बागवानाने दोन्ही यंत्रांकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. त्याने विचारले, "शेठ, कापलेलं गवत बसतं कुठं?"

"गवत कापलं जातं, आजोबा. बसतो तो माणूस."

"बरं. मग मोडलेली यंत्रं कुठं ठेवता?"

व्यापाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही यंत्र घ्यायला आलात की झडती घ्यायला? कुणी पाठवलंय तुम्हाला? समोरच्या दुकानवाल्यानं?"

"माझ्या गुडघ्यांनी पाठवलंय," बागवान म्हणाला. मग शिष्याकडे वळून म्हणाला, "तू दोन्ही चालवून बघ. तीन-तीन फेऱ्या मार."

शिष्य अंगणात फेऱ्या मारू लागला. म्हातारा मागच्या बाजूला तारेच्या कुंपणापलीकडे गेला. तिथे दुरुस्तीतून निघालेल्या भंगाराचा ढीग होता. तो त्या ढिगात जाऊन बसला आणि तासभर उठला नाही. शिष्याला यंत्रावरून दिसत होते. आधी व्यापारी कमरेवर हात ठेवून उभा होता. मग तोही उकिडवा बसला. दोघे हळू आवाजात काही बोलले. शेवटी व्यापाऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके म्हाताऱ्याच्या हातात ठेवले आणि चक्क हात जोडले. म्हाताऱ्याने पुडके पिशवीत घातले.

बाहेर येऊन तो म्हणाला, "राखाडी घेऊ."

शिष्याने मनातच पुडक्यातल्या नोटा मोजल्या.

परतीच्या एसटीत तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मधूनमधून त्याची नजर पिशवीवर जाई आणि पुन्हा बाहेर जाई. म्हातारा एकदा म्हणाला, "काही विचारायचंय का?" शिष्य म्हणाला, "नाही बाबा. तुम्ही निवडलं म्हणजे झालं."

यंत्र आले. ज्येष्ठ सरला, पाऊस लागला, गवत वाढले. बागवानाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "काम झालं की किल्ली काढायची आणि धुऊन होईपर्यंत खिशात ठेवायची. यंत्र फळ्यांवर चढवायचं आणि खालून धुवायचं. पाती फिरतात त्यावर ही लोखंडाची उलटी परात आहे. ओलं गवत हिच्या पोटाला चिकटतं. रोज काढायचं."

पहिले चार दिवस शिष्याने ते केले. मग त्याच्या मनात आले, की लाच खाऊन घेतलेल्या यंत्राची सेवा मी का करावी? जे खोटे आहे ते उघडे पडू दे. त्याने यंत्र नुसते वरून पुसायचे आणि अवजारांच्या खोपीत उभे करायचे ठरवले.

श्रावणात यंत्र दोनदा अडले. शिष्याने खोपीच्या दारावर कोळशाने दोन रेघा मारल्या. भाद्रपदात गवत नीट कापले जाईना, नुसते लोळवले जाई. आणखी तीन रेघा. प्रत्येक रेघ मारताना त्याला वाईट वाटण्याऐवजी एक प्रकारचे समाधान वाटे, आणि ते समाधान त्याला ओळखू येत नसे. म्हाताऱ्याशी त्याचे बोलणे कमी झाले. म्हातारा भाकरीचे फडके सोडून हाक मारी, तर हा म्हणे, "मी खाल्लंय." ज्या माणसाने त्याला आंब्याला खुंटी कलम बांधायला शिकवले, त्या माणसाच्या हातचा कांदाही त्याला नकोसा झाला.

आश्विन आला. खंडेनवमीला त्या घरी अवजारांची पूजा होत असे. मालकीणबाई स्वतः खोपीपर्यंत येत. शिष्याने मनाशी पक्के केले की यंदा बाईंसमोरच बोलायचे. दारावर आणखी दोन मिळून सात रेघा झाल्या होत्या. त्या त्याला पुरेशा वाटल्या.

नवमीच्या सकाळी कांबळे अंथरले. कुदळ, फावडे, कोयता, कलमाचा चाकू, कात्र्या, सारे धुऊन मांडले. यंत्र शिष्याने लख्ख पुसले होते. त्याला झेंडूचा हार घातला होता. बाई हळदकुंकवाचे ताट घेऊन आल्या आणि यंत्राच्या पुढे वाकल्या.

"थांबा बाई," बागवान म्हणाला. "इथं नको." त्याने शिष्याला सांगितले, "किल्ली काढ. फळ्यांवर चढव."

यंत्र फळ्यांवर चढले. म्हाताऱ्याने खाली गोणपाट पसरले. ज्या गुडघ्यांना पायरी चढवत नव्हती, ते त्याने कसेबसे दुमडले, पाठीवर आडवा झाला आणि कुंकवाचे बोट घेऊन यंत्राखाली सरकला.

बाई गोंधळल्या. "बाबा, हे काय? पूजा खालून करतात का?"

शिष्याला वाटले, हीच वेळ. "बाई, यंत्र सात वेळा अडलंय. रेघा मारून ठेवल्यात मी. हेच यंत्र का घेतलं, ते यांना विचारा. आणि शेठनं यांना पुडक्यात काय दिलं, तेही विचारा."

यंत्राखालून म्हाताऱ्याचे फक्त पाय दिसत होते. पाय हलले नाहीत.

मग तो हळूहळू बाहेर आला. त्याच्या बोटावर कुंकू नव्हते. काळे, कुजके गवत होते, आणि त्यात तांबड्या गंजाचे पापुद्रे.

"बरं झालं विचारलंस," तो म्हणाला. "चार महिने वाट बघत होतो."

तो खोपीत गेला. दाराच्या अगदी मागे, शिष्य रोज जिथे किल्ली टांगत असे त्या खिळ्याखालच्या फळीवर, ते पुडके होते. धूळ बसली होती. त्याने ते आणून कांबळ्यावर, कोयत्याशेजारी ठेवले. "सोड तूच."

शिष्याने कागद सोडला. आत दोन तुकडे झालेला एक पांढरट धातूचा भाग होता.

"पात्यांचा दांडा ज्याच्यात फिरतो, ते घर हे," म्हातारा म्हणाला. "निळ्या यंत्रातलं. एका झाडाच्या मुळाला लागलं आणि दुभंगलं. अशी नऊ होती त्या ढिगात. राखाडीचं बिडाचं, ओतीव लोखंडाचं असतं. त्याचं एकही नव्हतं, नुसते झिजलेले पट्टे होते. दुकानात नव्या वस्तू बोलायचं तेवढं बोलतात. मोडलेल्या जास्त बोलतात. तुला दाखवायचं म्हणून मी शेठकडून हे मागून घेतलं."

शिष्याने तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. "मग वाटेत का नाही दाखवलंत?"

म्हातारा गोणपाटावर बसला.

"मी विचारलं होतं तुला. तू नाही म्हणालास. मग मलाही राग आला. म्हटलं, आठ वर्षं माझ्या ताटात जेवला, आणि माझ्या पिशवीकडे चोरून बघतो. विचारत नाही तर राहू दे. हा माझा हट्ट. या परातीवरचा निम्मा गंज माझ्या नावावर आहे."

मग तो म्हणाला, "लेका, संशय वाईट नाही. मलाही येतो. शेठ खरं बोलत होता, तरी मी त्याच्या शब्दावर यंत्र घेतलं नाही, भंगार चाळलं. संशय हे पातं आहे. धार पाहिजेच. पण काम झालं की त्याच दिवशी ते धुवायचं. ज्याच्याबद्दल आला त्याला विचारायचं, की झालं धुऊन. तू गवतही चिकटलेलं ठेवलंस आणि संशयही. यंत्र दगडानं मोडायची आपण धास्ती घेतो. त्याला खातं ते त्यानंच कापलेलं ओलं गवत."

शिष्याने खोपीच्या दाराकडे पाहिले. सातही रेघा त्याला आता वाचता येत होत्या. पात्यांना फिरायला जागाच नव्हती.

बाईंच्या हातातले ताट तसेच होते. त्यांनी सावकाश विचारले, "बाबा, मग बाग? याच्याकडे द्यायची का?"

"याच्याकडेच द्या," बागवान म्हणाला. "ज्याला कसलाच संशय येत नाही, त्याला कुणीही काहीही विकेल. याला येतो, आणि आज यानं तोंडावर विचारलं. चार महिने उशीर झाला, पण विचारलं. परातीला अजून भोक पडलेलं नाही. खरवडून, तेल लावून चालेल."

बाईंनी मान डोलावली. त्यांनी कुंकवाचे बोट त्या दुभंगलेल्या तुकड्याला लावले आणि ताट कांबळ्यावर ठेवून घराकडे वळल्या.

शिष्याने हार काढून बाजूला ठेवला. लाकडाची एक चपटी पट्टी घेतली आणि गोणपाटावर आडवा होऊन यंत्राखाली सरकला. ओल्या गवताचा आंबूस वास त्याच्या तोंडावर आला. थर जाड होते. खालचे थर पहिल्या पावसातले होते.

बराच वेळ नुसता खरवडण्याचा आवाज येत राहिला. म्हातारा शेजारी बसून कलमाच्या चाकूला तेल लावत होता.

"बाबा," यंत्राखालून आवाज आला.

"बोल."

"अजून एक विचारायचं होतं."

"विचार की."

"शेठनं त्या दिवशी हात का जोडले?"

म्हातारा हसला. "तासभर त्याच्या भंगारात बसलो, आणि वर दोनदा चहा मागितला. आता जा म्हणून जोडले."

यंत्राखालचे खरवडणे थांबले. मग शिष्यही हसला, आणि त्याच्या तोंडात गवताचा चुरा गेला.

आपल्याही घरात कुणाच्या पिशवीकडे आपण असेच चोरून बघत असू, तर एसटी गावात पोहोचायच्या आधी विचारावे.

"थुंकून टाक ते," म्हातारा म्हणाला, "आणि डावीकडचा कोपरा बघ. तिथं राहिलंय अजून."