मागे कोण बसतं?

भागीरथी कुंभारणीनं शोरूममध्ये ठणकावून सांगितलं, "पिकअप साधी द्या, पण मागच्या स्प्रिंगा मऊ हव्यात."

मॅनेजर हसला. "मावशी, वरचं मॉडेल घ्या! एसी, गुबगुबीत सीट, मोठा स्क्रीन. खड्ड्यातही धक्का लागणार नाही."

"मग एक फेरी मारू. मी चालवते, तुम्ही मागे हौद्यात बसा."

"मागे? मी?"

"माझी मडकी तिथंच बसतात."

चार गिऱ्हाइकं बघत होती, त्यामुळे मॅनेजरला चढावंच लागलं. तिसऱ्या गतिरोधकाला तो ओरडला, "थांबवा!"

कंबर धरून तो उतरला. मडकं वाजवून बघावं तशा भागीरथीनं त्याच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या. "तडा नाही गेला, साहेब. आता सांगा, सोय पुढे हवी की मागे?"

मॅनेजरनं ऑर्डरच्या कागदावरचा 'मोठा स्क्रीन' खोडला आणि 'मऊ स्प्रिंगा' लिहिलं.