फुललेल्या तिळातला चर

विदेहाचा राजा मिथिलेत राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने जवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. तो आणि धाकटा भाऊ उग्गक मिळून तिळाचे शेत कसत.

त्या वर्षी पाऊस असा लागला की महिना उलटला तरी उघडीप देईना. तीळ ऐन फुलोऱ्यात, आणि शेतात घोटाभर पाणी तुंबलेले. मुळे कुजू लागली. वर्षभर पोराबाळांनी खायचे काय, या काळजीने उग्गकाला घास गिळवेना. शेजारच्या वासुला नावाच्या विधवेचे मुगाचे शेत थोडे खोलगट होते. मधला बांध तेवढा आड होता. तो फोडला तर आपले पाणी घटकेत उतरेल, असे त्याने भावाला सुचवले. सोमिल नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उग्गकाने एकट्यानेच जाऊन बांध फोडला. पाणी खळखळत मुगात शिरले.

मागून सोमिल आला. भावाला एक शब्दही न बोलता त्याने चिखल लोटून भगदाड बुजवले. मग तो आपल्याच शेतात, जिथे तीळ सर्वांत दाट होता तिथे गेला आणि ओढ्याच्या दिशेने चर खणू लागला. फुललेली रोपे मुळासकट बाजूला पडू लागली.

"दादा, ते आपले सगळ्यात चांगले पीक आहे," उग्गक म्हणाला.

"उतार इथेच आहे. पाणी आपले आहे, वाटही आपल्यातूनच देऊ."

भाऊ रागावला असता, तर उग्गकाला उलट बोलता आले असते. आता त्याला नुसते बघत उभे राहवेना. तो आधी वासुलेकडे गेला आणि आपण काय केले ते सांगून आला. तिने ऐकून घेतले, आणि कुदळ उचलून त्याच्यामागे चालू लागली. तिघांनी पावसात तीन दिवस खणले. चौथ्या दिवशी पाणी ओढ्याला लागले.

तिसरा हिस्सा पीक गेले, बाकीचे तगले. मळणी झाली तेव्हा पहिले सूपभर तीळ उग्गकाने, कुणी न सांगता, वासुलेच्या ओसरीवर नेऊन ठेवले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची वासुला म्हणजे आज तुम्हांला भिक्षा घालणारी ही उपासिका. उग्गक म्हणजे खाली मान घालून बसलेला हा भिक्षू. आणि सोमिल मीच होतो. शेजारणीला बुडवले नाही आणि भावाला दुखवले नाही, ती माझी मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्ण साधना."