भैरूची पाळी

“आणि मेलेल्याला परत उठवता आलं तर?”

पुष्करने हे विचारलं तेव्हा बुवा चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी ते सावकाश खाल्लं, मग वर पाहिलं.

“कुठल्या मेलेल्याला?”

“खेळातल्या, बुवा. पात्राला.”

“मग तसं विचार.”

बुवा कुठल्या मठाचे नव्हते आणि त्यांनी कधी कुणाला मंत्र दिला नव्हता. फलटणला सायकलच्या दुकानावर पत्र्याची एक खोली होती. तिथे रविवारी दुपारी ते एक खेळ चालवत. बुवांनी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यात एकेक पात्र होऊन जगायचं. दरी ओलांडता आली की नाही, वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवी. खेळाच्या जाडजूड पुस्तकात नियमांना तोटा नव्हता. बुवांनी त्यात पदरचे दोनच घातले होते. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडून बोलायचं नाही. आणि ज्याची पाळी, त्याचं होईपर्यंत इतरांनी हलायचं नाही.

पुस्तक पुष्करला तोंडपाठ होतं. बुवांचे दोन नियम तेवढे त्याच्या लक्षात राहत नसत.

त्याचं पात्र म्हणजे अग्निकेतू नावाचा मांत्रिक. तो विसाव्या लेव्हलला पोचला होता आणि त्यावर लेव्हल नव्हती. तिथे पोचलेल्याला एक शेवटची शक्ती घेता येते. पुष्करने ती पुस्तकातून शोधून आणली होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की खेळ चालवणाऱ्याची परवानगी हवी. म्हणून तो आज जरा गोड बोलत होता, एरवी तो परवानगी मागणाऱ्यातला नव्हे.

“मृत्युंजय,” तो म्हणाला. “कुणालाही, केव्हाही उठवता येतं. फासा टाकायचा नाही, किंमत मोजायची नाही.”

वृषालीने मान वर केली. या टेबलाशी ती तिरंदाज होऊन खेळे. साधी तिरंदाज, धनुष्य आणि भाता, बाकी काही नाही.

“मग आम्ही मरणाला भ्यायचं कशाला? मेलो तर तू आहेसच उठवायला. खेळ काय राहिला त्यात?”

“तोल बुवा सांभाळतील ना. मी मोठा झालो तर समोरचाही तेवढाच मोठा आणायचा.”

“मागच्या वेळी आणला होता,” बुवा म्हणाले.

…

चौथी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिघांपैकी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती दिगूची. दिगंबर, पुष्करचा शाळेपासूनचा मित्र. टेबलावरच्या सगळ्या बाहुल्या त्यानेच शाडूच्या केलेल्या होत्या. अग्निकेतूची सगळ्यांत उंच, कारण पुष्करने तसा हट्टच धरला होता. स्वतःसाठी दिगूने एक बुटका लोहार केला होता. भैरू. त्याच्याकडे एक हातोडा होता आणि मंत्र एकही नव्हता. लेव्हल वाढली की बाकीचे नव्या शक्ती घेत आणि हा पठ्ठ्या ऐरण थोडी जड करून घेई. मुक्काम पडला की दिगू पुढे सरकून म्हणायचा, “भैरू ऐरण मांडतो. कुणाचं काय मोडलंय?” सगळे हसत, आणि मग आपापल्या मोडक्या ढाली त्याच्यापुढे ठेवत.

पुष्करचं कधी काही मोडतच नसे. एका पुस्तकातलं कवच, दुसऱ्यातला मंत्र, तिसऱ्यातली कुठलीशी पळवाट, असं जोडत जोडत त्याने अग्निकेतूला असा करून ठेवला होता की तो आगीत जळेना, विषाने मरेना, आणि अंगावर आलेला वार झोपेतसुद्धा चुकवी. सगळं नियमात बसत होतं. शत्रू समोर आला की अग्निकेतूने हात उचलायचा आणि लढाई संपायची.

“माझी पाळी येईस्तोवर मढी मोजायचंच काम उरतं,” असं दिगू एकदा म्हणाला होता. हसतच म्हणाला होता.

मग बुवांनी अग्निकेतूच्या तोलाचा शत्रू आणला. टेकडीएवढा दैत्य. खेळ चालवणाऱ्याने दुसरं करायचं तरी काय? दरीत लढाई लागली तशी दिगूने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पुष्कर बोलून गेला, “भैरू मागं थांबतो. माझ्या मागं.” त्याला तशी सवयच होती. बुवांनी एकदा दिगूकडे पाहिलं, आणि त्याने खांदे उडवले.

दैत्याचा घाव अग्निकेतूवर होता. अग्निकेतूने तो चुकवला. घाव मागे भैरूवर गेला.

दैत्य पुढे मेला आणि त्याच मरणाने पुष्करला विसावी लेव्हल मिळाली. दिगूने भैरूची बाहुली पडली तिथेच राहू दिली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. पुष्करला वाटलं, रुसलाय, येईल आपणहून. फोन करायला त्याचा हात गेला होता, पण आधी आपण का करायचा, असंही वाटलं. भाद्रपदात दिगूला डेंग्यू झाला. पुष्करला कळलं तेव्हा दिगूला घरी आणून अंगणात ठेवलेलं होतं, पांढऱ्या कापडाखाली.

तेव्हापासून पुष्करला धड झोप नव्हती. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगणार काय? एक मातीचा लोहार मेला म्हणून? पण त्याला मनातून पक्कं वाटू लागलं होतं, की भैरू एकदा उभा राहिला की छातीवरचं हे ओझं उतरेल. निदान तेवढं तरी आपल्या हातात आहे.

“बुवा,” तो म्हणाला. गोड आवाज आता गेला होता. “एवढी एकच द्या. यापुढे काही मागणार नाही.”

“विसाव्याच्या पुढे मागायला काही नसतंच.”

“पुस्तकात आहे ती.”

“पुस्तकात पुष्कळ आहे.”

“मग नाही म्हणा. सरळ नाही म्हणा.”

बुवांनी कप खाली ठेवला. त्यांचे हात हल्ली थरथरत. त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि पुष्करकडे पाहिलं.

“दिली,” ते म्हणाले.

वृषाली काही बोलणार होती, ती थांबली. पुष्करलाही एकदम खरं वाटेना. भांडणाची तयारी करून आलेला माणूस, मुद्दे सगळे खिशातच राहिले.

“किंमत?”

“नाही, असं तूच म्हणालास.”

“फासा टाकू?”

“कशाला? तुझा कधी हुकतो?”

पुष्करने अग्निकेतूची बाहुली पुढे सरकवली.

“अग्निकेतू दरीत उतरतो. भैरूपाशी जातो. आणि त्याला… उठवतो.”

बुवांनी टेबलाच्या कोपऱ्यातली बाहुली उचलली. इतके दिवस ती तशीच आडवी होती; झाडणाराही तिच्याभोवतीने फडकं फिरवी. बुवांनी तिच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि तिला मधोमध उभी केली. ती थोडी कलली. त्यांनी पुन्हा नीट केली.

“सकाळ झालीय,” बुवा सांगू लागले. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज नेहमी उतरत असे, तसा उतरला. “दरीत धुकं आहे. दैत्याची हाडं पांढरी पडलीत. भैरूच्या छातीवर गवत उगवलं होतं, ते गळून पडतं. आधी बोटं हलतात. मग तो डोळे उघडतो. हातोडा शेजारीच आहे. तो उठून बसतो आणि अग्निकेतूकडे बघतो.”

पुष्करचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत.

“झालं,” तो म्हणाला. “झालं, वृषाली. उठला तो.”

वृषालीने हळूच मान हलवली. तिलाही क्षणभर बरं वाटलं, हे खोटं नाही.

बुवा उठले. भिंतीला टेकवलेली खुर्ची त्यांनी ओढत आणली, टेबलाशी लावली, आणि वीस बाजूंचा फासा तिच्यासमोर ठेवला.

“पाळी भैरूची.”

…

खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. ते थांबलं.

पुष्कर त्या फाशाकडे पाहत राहिला. मग खुर्चीकडे. आपण काय मागितलं होतं ते त्याला आता कुठे कळू लागलं.

“भैरू…” तो म्हणाला. “भैरू ऐरण मांडतो. म्हणतो, कुणाचं काय…”

बुवांनी हात वर केला.

“कुणी सांगितलं?”

“तो नेहमी तेच म्हणायचा, बुवा.”

“आज काय म्हणतो?”

“मला काय माहीत?”

“मग त्याला विचार.”

पुष्करने विचारलं नाही. वृषालीने तोंडाला ओढणी लावली आणि खिडकीकडे वळली.

“बुवा, मी त्याला परत मरू देतो. शक्ती परत घ्या. नको मला.”

“मेलेला तू उठवलास. जित्याला मारायचं असेल, तर तुझी पाळी येऊ दे.”

“भैरूची संपल्याशिवाय ती कशी येणार?”

बुवांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, आणि पुन्हा ठेवला. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकत भैरूच्या पायाशी आली.

पुष्करचा हात फाशाकडे गेला. फक्त एकदा टाकायचा, दिगूच्या वतीने. आकडा पडेल तो पडेल, डाव तरी पुढे जाईल. बोटं फाशाला लागली तेव्हा बुवांचा थरथरता हात त्याच्या मनगटावर आला. त्या हातात जोर असा काही नव्हता. झटकला असता तर सहज सुटला असता.

“मग आम्ही काय करायचं, बुवा? इथंच बसायचं?”

बुवांनी त्याचा हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला.

“भैरू पुढं आहे,” ते म्हणाले. “तू मागं थांब.”