अर्ध्या कुस्तीचा प्रबंध

डॉ. नसीमा मुलाणी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर क्रीडा मानसशास्त्र शिकवत होत्या. अखेर कायम प्राध्यापकाची जागा निघाली. वयोमर्यादेमुळे बाईंची ही शेवटचीच संधी, आणि मुलाखतीला समोर बसले संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, एकेकाळचे नावाजलेले मल्ल.

आबासाहेबांनी अर्ज न उघडताच बाजूला सारला. "कुस्ती अंगातल्या रगीवर होते, बाई. त्यात मनाचं काय काम? हा विषयच बंद करावा म्हणतो."

बाईंनी शांतपणे विचारलं, "आबासाहेब, आखाड्यात उतरल्यावर तुम्ही शड्डू ठोकायचात ना? मांडी तुमची, थापही तुमचीच. त्यानं समोरच्याला काय व्हायचं?"

आबासाहेब खुलले. "अहो, माझा शड्डू घुमला की गड्याचं अवसानच गळायचं. अर्धी कुस्ती मी तिथंच मारायचो."

"त्याला हात न लावता?"

"हात न लावता," मिशीवर ताव देत आबासाहेब म्हणाले.

"त्याच अर्ध्या कुस्तीवर माझी पीएचडी आहे."

मिशीवरचा हात तिथंच थांबला. मग आबासाहेबांनी अर्ज पुढ्यात ओढला.

"उरलेली अर्धी तुम्ही आत्ता मारलीत, मॅडम. रुजू कधी होताय?"