करपेवाडीची सराटेवाली ठकूबाई

किती वर्षं झाली या गोष्टीला, ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. करपेवाडी तेव्हाही उघड्या माळावरच होती. इतकी उघडी, की या टोकाला कुणी पागोटं बांधायला घेतलं तर त्या टोकाच्या माणसाला त्याचे वेढे मोजता यावेत. ओढा होता, पण त्याच्या काठी झुडूप नव्हतं. झाड म्हणावं असं एकच, देवळापुढचं लिंबाचं, आणि त्याच्या सावलीत दिवसभर पुरुष बसलेले असत.

अशा गावात बायकांनी देहधर्माला जायचं कधी? कोंबडा आरवायच्या आधी, नाही तर दिवेलागण झाल्यावर. मधला सगळा दिवस कळ काढायची. याचाही गावाला अभिमान होता. नवी सून आली की सासू तिला पहिल्याच आठवड्यात खळ्यावर नेऊन बसवी. उन्हं उगवल्यापासून मावळेपर्यंत सून जागची उठली नाही, तर ती चांगल्या घरची. उठली, तर तिच्या माहेराचा उद्धार. शहाण्या पोरींनी यावर उपाय शोधला होता. दिवसभर पाणीच प्यायचं नाही. ‘पाणीपिती’ ही करपेवाडीत शिवी होती.

मग चैत्र लागला की घराघरांत उन्हाळी लागे. लघवीला आग व्हायची, थेंब थेंब उतरायचं, ओटीपोटात कळ यायची, ती कंबरेत चढायची आणि शेवटी थंडी वाजून ताप भरायचा. काही बायका त्यातून उठत. काही उठत नसत. गाव म्हणे, ओढ्याच्या आसरा, पाण्यातल्या देवता, कोपल्या. मग आसरांना दहीभात ठेवायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या आणि पुढच्या चैत्राची वाट बघायची.

त्या काळी गावाच्या कडेला ठकूबाई नावाची एक धनगरीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पण मेंढरं होती बारा विसा, म्हणजे दोनशे चाळीस. हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि तोंडाने सतत काही तरी पुटपुटणं. ती औषध द्यायची, पण कुणी बरं झालं तरी तिचं मन निवत नसे. ‘आपुआपच बरा झाला असंल,’ असं म्हणून ती रात्रभर कूस बदलत राही.

तिचं औषध म्हणजे सराटा. तोच, जमिनीसरपट पसरणारा, पिवळ्या इवल्या फुलांचा, ज्याचा काटा अनवाणी टाचेत शिरला की माणूस एका पायावर नाचतो. सगळा मुलूख त्याला शिव्या द्यायचा आणि ठकूबाई तो गोळा करायची. वाकून एकेक काटा वेचायला तिला वेळ कुठला? ती जुनी घोंगडी पडीक रानावर पसरायची, दोन टोकं कंबरेला बांधायची आणि मेंढरांमागे नुसती चालत सुटायची. संध्याकाळपर्यंत घोंगडी सराट्यांनी भरून जाई. असं म्हणतात, ती ज्या वाटेने गेली त्या वाटेवर पुढे सात वर्षं कुणाच्या पायात काटा मोडला नाही. असंही म्हणतात, की तिला पाहिलं की सराटे आपणहून उड्या मारून घोंगडीला बिलगत. ते काही असो. ती सराटे कुटायची, त्यात धने टाकायची, ओढ्यातून खणून आणलेली वाळ्याची मुळं टाकायची, आठ भांडी पाण्याचं एक भांडं होईपर्यंत आटवायची आणि चार पदरी फडक्यातून गाळायची. ओटीपोटावर बांधायला लांबच्या रानातून आणलेली पळसाची फुलं वाफवून द्यायची. पण देताना दर वेळी सांगायची, ‘काढा एकदाच प्यायचा, पर पानी दिसभर प्यायचं.’ बायका मान डोलवत आणि निघून जात.

एका वर्षी चैत्रात बाजीबा पाटलाच्या सुनेला उन्हाळी लागली. गिरजा तिचं नाव, सातवा महिना. दोन वर्षांपूर्वी पाटलाची धाकटी भावजय अशीच तापाने गेली होती, म्हणून पाटील घाबरला होता, आणि घाबरला की तो आवाज चढवी.

“ठके,” तो म्हणाला, “तुझ्या काट्याकुट्यानं माझी सून उठली तर ठीक. न्हाई उठली, तर तुझं एक मेंढरू या शिवारात दिसता कामा नये.”

ठकूबाईने काढा दिला. एक दिवस गेला, दुसरा गेला. ताप हटेना. तिसऱ्या दिवशी गिरजा बरळायला लागली. ठकूबाईची अन्नावरची वासना उडाली. सराटा जुना होता का? वाळा कमी पडला का? चाळीस वर्षं आपण लोकांना नुसतं उकळलेलं पाणीच पाजत आलो की काय? मेंढरांची तिला तेवढी काळजी नव्हती, मुलूख मोठा होता. पण पडवीत पडलेली ती पोर आणि तिच्या पोटातला जीव, हे दोन्ही तिच्या भरवशावर होते.

चौथ्या दिवशी सकाळी ती ताजा काढा घेऊन पडवीत गेली. पडवीला लागूनच गोठा होता. ठकूबाई उंबऱ्यावर टेकली तोच पाटलाच्या म्हशीने मुताची धार सोडली. थोड्या वेळाने पुन्हा सोडली. गिरजाच्या कपाळावरची पट्टी बदलेपर्यंत तिसऱ्यांदा. जन्मभर जनावरांत काढलेली बाई ती, तिचे कान टवकारले. उठून तिने म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात नाक घातलं. सरकी आणि पेंडीतून वाळ्याचा घमघमाट येत होता.

ती गिरजाजवळ येऊन बसली.

“पोरी, माझं औषध लागू पडलंय बरं का.”

“व्हय मावशी?” गिरजाने डोळे उघडले.

“व्हय. फकस्त म्हशीला.”

गिरजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “रागावू नगा मावशी. काढा प्याला की जावंसं वाटतं. जाऊ कुठं? घरात देव हायेत, गोठ्यात गडी, आन् भाईर सगळं गाव. म्हून वतला.”

“आन् पानी?”

“पानी कशाला पिऊ? त्येबी जावंच लावतं की.”

ठकूबाईने हातातलं काढ्याचं भांडं खाली ठेवलं. तिला आपलीच लाज वाटली. ती जन्मभर मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेली. तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ‘पानी दिसभर प्या’ असं तिने शेकडो बायकांना सांगितलं होतं, पण ते पाणी जाणार कुठं, हे एकीलाही विचारलं नव्हतं.

ती तशीच उठली आणि लिंबाखाली गेली. पाटील चार माणसांत बसला होता.

“पाटील, तुमच्या सुनंचं औषध घावलं.”

“मग दे की.”

“माझ्यापाशी न्हाई. तुमच्यापाशी हाय. तिला भर दुपारी जायाला आडोसा पायजे.”

लिंबाखाली खसखस पिकली. कुणी तरी म्हणालं, “आता पाटलाच्या सुनंच्या लगवीची पंचाईत बसवा!” पाटलाचं तोंड लाल झालं. एवढ्यात पाटलीण, तुळसाक्का, घागर घेऊन तिथून चालली होती. ती थांबली.

“काय गं ठके, लाज इकून खाल्लीस का? आमी न्हाई जन्म काढला? आमाला काय झालं?”

ठकूबाईने तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“आक्का, तुमची जाऊ कशानं गेली, ते तुमाला ठावं हाय. तुमीबी दर चैतात कंबर धरून बसता, तवा पळसाची फुलं कोन आनून देतं?”

तुळसाक्काने घागर खाली ठेवली. हसणारे हसायचे थांबले. ज्याला त्याला आपापल्या घरातली बाई आठवली असणार.

पाटील जरा नरमला. “अगं पर आडोसा आनू कुठनं? भिंत घालायची तर दोन म्हयने. तवर ती जगंल का?”

“भिंत माझ्यापाशी हाय,” ठकूबाई म्हणाली. “चालती भिंत.”

आणि ती मेंढरांकडे गेली.

आता जे झालं ते करपेवाडीत अजून उभं राहून सांगतात, बसून नाही. दुपार टळटळीत होती. ठकूबाईने गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर काठीने जमिनीवर एक मोठं कडं आखलं आणि जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. बारा विसा मेंढरं त्या कड्यावर येऊन उभी राहिली. अंगाला अंग लावून, तोंडं बाहेर, पाठी आत, एका पाठीमागे दुसरी अशा तीन फेऱ्या. मेंढरू उन्हात एका जागी ठरत नाही, हे कुणीही सांगेल. पण असं म्हणतात, त्या दिवशी एक शेपूट हललं नाही. वारा पडला. वर घारी घिरट्या घालत होत्या, त्यासुद्धा ओढ्यापलीकडे निघून गेल्या. आत बसलेलं माणूस बाहेरून दिसणार नाही, अशी लोकरीची भिंत तयार झाली.

गिरजाला पडवीतून उठवलं. दारापासून ओढ्यापर्यंत सगळं गाव उभं होतं आणि ती उंबऱ्यावर थबकली. एवढ्या डोळ्यांसमोरून जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं असेल. तेव्हा तुळसाक्का पुढे आली. तिने पाण्याचा तांब्या भरला आणि सुनेच्या तोंडाला लावला. सगळ्या गावासमोर, भर दुपारी.

“पी,” ती म्हणाली. “सगळं पी. मी हाय संगं.”

असं म्हणतात, गिरजा सात तांबे प्याली. मग सासूच्या खांद्यावर हात ठेवून निघाली. लिंबापाशी आल्यावर दोघींनी पाहिलं, तर बाजीबा पाटील उठून उभा होता. त्याने पाठ फिरवली आणि लिंबाच्या बुंध्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं बघून दुसरा फिरला, मग तिसरा. बघता बघता करपेवाडीचा एकूण एक पुरुष पाठमोरा झाला. मेंढरांनी वाट दिली, दोघी आत गेल्या, वाट मिटली.

आणि मग घराघरांतून बायका निघाल्या. म्हाताऱ्या निघाल्या, लेकुरवाळ्या निघाल्या, परवाच हळद उतरलेल्या निघाल्या. येताना प्रत्येकीने दारातच तांब्याभर पाणी पिऊन घेतलं होतं. कड्याच्या आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग हसणं. असं हसणं, की पाठमोऱ्या पुरुषांनाही हसू आवरेना. एक म्हातारी बाहेर येऊन मोठ्याने म्हणाली, “साठ वर्सांनी दुपार बघितली गं बाई!”

त्या दिवसापासून गिरजा काढा स्वतः प्यायली, म्हशीला दिला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली, तिचं रडणं म्हणे ओढ्यापलीकडे ऐकू गेलं. पाटलाने ठकूबाईपुढे लुगडं-चोळी ठेवली. तिने ती परत केली.

“मला ओढ्याकडची तुमची अर्धा बिघा जमीन द्या,” ती म्हणाली. “आन् गावातल्या परत्येक बाप्यानं तिथं आपल्या हातानं शेराची एक काडी लावायची. गड्याकडनं न्हाई.”

शेर हे चिकाचं, कुंपणाला लावायचं झाड. त्याला पाणी लागत नाही, काडी खोचली की जगते. शिवाय त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, त्यामुळे कुंपणाला डोळा लावायची कुणाची छाती होत नाही. ठकूबाईने सगळा विचार केला होता. कुंपण पुरुषभर उंच होईपर्यंत सबंध वर्षभर, रोज दुपारी, मेंढरं ओढ्यावर येऊन कडं करून उभी राहत. शेवटी शेवटी तर ठकूबाईला आवाजही द्यावा लागत नसे. आणि त्या वर्षानंतर करपेवाडीत उन्हाळीने एकही बाई दगावली नाही, असं म्हणतात.

ठकूबाई कुठे गेली, कशी गेली, कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं, ती मेंढरांमागे चालता चालता क्षितिजाला लागली. तिची समाधी नाही, देऊळ नाही.

पण शेराचं कुंपण आहे. आत आता पक्क्या खोल्या आहेत, नळ आहे. चैत्रातल्या पहिल्या रविवारी तिथे मोठ्या हंड्यात सराटा, धने आणि वाळ्याचा काढा होतो, तो पुरुष उकळतात आणि बायका आधी पितात. हंड्याजवळ बसलेली बाई प्रत्येकीला विचारते, ताप आहे का, लघवीला लाल जातं का. आणि ‘होय’ म्हणणारीला काढ्यावर न ठेवता त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. दुपारचे बारा वाजले की देवळात घंटा होते आणि गावातले सगळे पुरुष, पाहुणे आलेले असले तर तेसुद्धा, घटकाभर लिंबाकडे तोंड करून उभे राहतात.

आणि आणखी एक रीत आहे. करपेवाडीची मुलगी द्यायची असली, की घरातली सगळ्यांत थोरली बाई आधी एकटी नवऱ्या मुलाच्या घरी जाते. शेती विचारत नाही, नोकरी विचारत नाही. ओसरीवर बसते, पाणी मागते आणि एकामागून एक दोन तांबे पिऊन टाकते. मग पदर सावरून गप्पा मारत बसून राहते. घरातल्या कुणी आपणहून उठून, “आजी, चला, दाखवते,” असं म्हटलं, तर सोयरीक पक्की.

कुणीच उठलं नाही, तर ती उठते आणि घरी येते.