भिंतीवर नसलेली गोळी

नदीकाठच्या एका गावात रंगराव नावाच्या बागायतदाराचे गुऱ्हाळ होते. तिथे म्हादबा चुलवाणात जाळ घाली आणि तानूबाई गूळ उतरवी. नवरा गेल्यावर त्याचे काम तिनेच उचलले होते. काहिलीतल्या, म्हणजे त्या मोठ्या कढईतल्या, उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी वळून बघायचा आणि गोळी घट्ट झाली की 'उतरा' म्हणायचे. ती शेवटची गोळी चुलवाणाच्या भिंतीला चिकटवायची, अशी तिथली जुनी रीत होती. तो अग्नीचा वाटा. तानूबाईने तो कधी चुकवला नाही.

एके सकाळी परगावचे व्यापारी आले. काहिलीपाशी बाई बघून ते गालात हसले. "काय रंगराव, गावात पुरुष उरले नाहीत वाटतं?"

रंगरावाला ते चांगलेच झोंबले. त्याने तानूबाईला ताक आणायला घरी पिटाळले आणि मिशीला पीळ देत स्वतःच काहील उतरवायला लावली. गोळी वळून बघायचे भानही त्याला राहिले नाही. पाक कच्चा होता. गूळ काही केल्या थिजेना. व्यापारी आल्या पावली परत गेले.

आता चूक मालकाची म्हटल्यावर ती कुणाच्या तरी गळ्यात बांधायलाच हवी! "बाईच्या हाताला यश नाही," म्हणत रंगरावाने तानूबाईला कामावरून काढले. तिने पंचांकडे दाद मागितली.

रंगरावाने म्हादबाला बाजूला घेतले. "पंचांपुढं तोंड उघडू नको. उद्यापासून काहिलीपाशी तूच."

वीस वर्षे धुरात डोळे चोळणारा म्हादबा हरखून गेला. पण घरी जाताना त्याला गेला हंगाम आठवला. तो तापाने पडला होता, तेव्हा मालक नवा गडी ठेवायला निघाले होते. "म्हादबाची जागा म्हादबाचीच," असे ठणकावून तानूबाईने महिनाभर जाळही सांभाळला होता. म्हादबाला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पंच गुऱ्हाळावर आले. "गूळ कुणी बिघडवला, हे कुणी पाहिलंय का?" त्यांनी विचारले. सगळे गडी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

म्हादबा उठला. "म्यां बघितलंय. वैनी घरी गेल्या हुत्या. काहील मालकांनी उतरवली."

"उद्यापासून कामावर येऊ नको!" रंगराव ओरडला.

"न्हाई येत. पण मालक, पंचांना त्या दिवसाची गोळी तेवढी दाखवा."

पंच भिंतीपाशी गेले. काळवंडलेल्या भिंतीवर ओळीने गोळ्या होत्या, दगडासारख्या घट्ट. शेवटची गूळ बिघडला त्याच्या आदल्या दिवशीची; त्या दिवसाची गोळीच नव्हती, म्हणजे काहील तानूबाईने उतरवलीच नव्हती. पंचांनी रंगरावाकडे पाहिले. रंगरावाने मान खाली घातली.

"तानूबाई, चुकलो मी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. पंचांनी दोघांनाही परत कामावर घ्यायला लावले.

त्याच दुपारी चुलवाण पेटले. म्हादबा पुन्हा धुरातच बसला होता. गूळ उतरल्यावर तानूबाईने शेवटची गोळी वळली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"आज तुम्ही चिकटवा, म्हादबा भावजी," ती म्हणाली. म्हादबाने डोळे पुसले, आणि या खेपेस ते धुराने आलेले पाणी नव्हते.

तात्पर्य: माणसाची पारख त्याच्या कामावरून करावी, तो बाई की पुरुष यावरून नव्हे, आणि सोबत्याचे काम अन्यायाने जात असेल, तर गप्प राहून त्याची जागा घेऊ नये.